नाव न विचारता केलेली मदत
(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यापुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)





अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व सांगावे, चार सुभाषिते म्हणावीत आणि बक्षिसे वाटून खाली बसावे, असा रिवाज आहे. शिक्षणाचे महत्त्व आपणांस पटलेले आहे, म्हणूनच आपण आपली मुले येथे पाठवली आहेत. तेव्हा त्याच गोष्टी पुन्हा सांगण्याऐवजी मी आज एका माशाविषयी बोलणार आहे. आपण कोकणची माणसे. मासा म्हटला की आपल्याला आधी ताट आठवते, त्यात गैर काहीच नाही. परंतु मी ज्या माशाविषयी बोलणार आहे तो गोड्या पाण्यातला आहे, आपल्यापासून पुष्कळ दूरच्या नदीतला आहे आणि तो या पृथ्वीवरून कायमचा जाण्याच्या बेतात आहे. त्याच्या हकिकतीचा आपल्या महाराष्ट्राशी जवळचा संबंध आहे. त्यात शिकण्यासारखेही बरेच आहे, म्हणून ती निवडली.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगतो. पृथ्वीवर पाणी अफाट आहे, पण त्यातले बहुतेक सगळे खारे. नद्या, तलाव, ओढे, पाणथळी मिळून पृथ्वीच्या पृष्ठभागाचा जेमतेम १ टक्का भाग व्यापतात. असे असूनही जगात माशांच्या जेवढ्या जाती माहीत आहेत त्यांतल्या जवळजवळ निम्म्या या गोड्या पाण्यात राहतात. एवढ्याशा घरात एवढे मोठे कुटुंब! आणि याच घरात आपण सांडपाणी सोडतो, याच्याच वाटेवर भिंती बांधतो आणि यातलीच वाळू उपसतो. त्याचा परिणाम व्हायचा तो झाला आहे. २०२५ च्या जानेवारीत जगभरच्या शास्त्रज्ञांनी मिळून एक पाहणी प्रसिद्ध केली. मासे, खेकडे-कोळंबीसारखे प्राणी आणि चतुर यांच्या तेवीस हजारांहून अधिक जाती त्यांनी तपासल्या. सुमारे चोवीस टक्के, म्हणजे चारांतली एक जात नष्ट होण्याच्या धोक्यात आहे, असे त्यांना आढळले. अशा धोक्यातल्या जाती जेथे दाटीने आहेत त्या जागांमध्ये आपल्या सह्याद्रीचे, म्हणजे पश्चिम घाटाचे, नाव आहे.

आता मूळ विषयाकडे येतो.

कावेरी नदीचे नाव भूगोलात आपण सर्वांनी वाचले आहे. कर्नाटकातल्या कोडगू जिल्ह्यात तलकावेरीला ती उगम पावते आणि सुमारे आठशे किलोमीटर वाहत जाऊन तमिळनाडूत बंगालच्या उपसागराला मिळते. हेमावती, काबिनी, शिमशा, अर्कावती, भवानी, अमरावती या तिच्या उपनद्या. या सर्व नद्या आणि त्यांना येऊन मिळणारे ओढे मिळून कावेरीचे पाणलोट क्षेत्र होते. या क्षेत्रात महाशीर जातीचा एक मासा राहतो. त्याच्या पाठीवर, डोक्याच्या मागे, बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा असतो. पर नारिंगी रंगाचे, खवले तळहातावर मावतील असे मोठे. हा मासा कावेरीच्या पाणलोटाबाहेर जगात कोठेही नैसर्गिकरीत्या सापडत नाही. १९४६ साली काबिनी नदीत म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कुटुंबातील एका गृहस्थाने गळाने असा एक मासा पकडला, त्याचे वजन १२० पौंड भरले. म्हणजे सुमारे ५४ किलो! आठवी-नववीतल्या मुलाएवढा मासा.

महाशीर हा रोहू-कटल्यासारखा तळ्यात सुखाने राहणारा मासा नव्हे. त्याला वाहते, स्वच्छ, थंड पाणी लागते. पावसाळ्यात तो प्रवाहाविरुद्ध वर चढतो आणि गोटे-वाळू असलेल्या उथळ जागी अंडी घालतो. रोहूची मादी एका हंगामात लाखोंनी अंडी घालते, महाशीरची त्या मानाने फारच थोडी, मात्र आकाराने मोठी. असा मासा कमी झाला की पुन्हा वाढायला वेळ लागतो. त्याच्या वाटेवर धरण बांधले की चढण संपली. गोट्यांवर गाळ साचला की अंडी गुदमरली. आणि डोहात सुरुंगाची एक कांडी फुटली की लहान-मोठे सगळेच पालथे झाले. कावेरीच्या खोऱ्यात या तिन्ही गोष्टी झाल्या.

आता या गोष्टीत आपला महाराष्ट्र कोठे येतो ते सांगतो.

दख्खनच्या पठारावर, म्हणजे कृष्णा-भीमेच्या वरच्या भागात, महाशीरची दुसरी एक जात आहे. आपल्याकडे त्याला जागोजाग वेगळी नावे आहेत, खडशी हे त्यांतले एक. इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्स नावाचे एक लष्करी अधिकारी दख्खनची माहिती गोळा करण्याच्या कामावर होते. पुण्याच्या आसपासच्या नद्यांतले मासे त्यांनी गोळा केले आणि १८३९ मध्ये त्यांची वर्णने छापली. शास्त्रीय नावे देताना त्यांनी एक चांगली गोष्ट केली. मराठी माणसे ज्या माशाला जे म्हणत तेच नाव त्यांनी लॅटिन नावाच्या शेजारी बसवले. म्हणून या दख्खनी महाशीरचे जगभरातले शास्त्रीय नाव 'टॉर खुद्री' असे आहे. आपल्या नदीकाठच्या कोळ्याच्या, भोयाच्या तोंडचा शब्द आज टोकियो आणि लंडनच्या ग्रंथालयांत लिहिला जातो!

पुढे हा खडशीही कमी होत चालला. तेव्हा लोणावळ्याला, टाटांच्या वीज कंपनीच्या तलावांवर, त्याला वाचवण्याचा प्रयत्न सुरू झाला. डॉ. सी. व्ही. कुलकर्णी या नामांकित मत्स्यशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास तेथे खडशीची अंडी कृत्रिम रीतीने फलित करून पिल्ले मिळवली. पुढे वळवणच्या तलावाकाठी मत्स्यबीज केंद्र उभे राहिले. मादीच्या पोटावरून अलगद हात फिरवून अंडी काढायची, त्यांवर नराचे बीज मिसळायचे, वाहत्या पाण्याच्या तबकांत ती ठेवायची, तीनएक दिवसांत पिल्ले बाहेर येतात आणि पुढे ती बोटाएवढी होईपर्यंत सांभाळायची. हे काम फार नाजूक आणि चिकाटीचे. ते आपल्या माणसांनी यशस्वी केले, याचा आपल्याला अभिमान वाटला पाहिजे. मलाही वाटतो.

या केंद्रातली बोटुकली निरनिराळ्या राज्यांना दिली गेली. त्यांत कर्नाटकही होते. कावेरीतला मोठा महाशीर कमी होतो आहे अशी ओरड होतीच. हेतू उत्तम होता. नदीत मासा कमी झाला, आपल्याकडे पिल्ले आहेत, ती सोडू या, नदी पुन्हा भरेल. सत्तरीच्या दशकापासून कावेरीत खडशीची पिल्ले सोडली जाऊ लागली आणि पुढे हे काम कर्नाटकातही होऊ लागले. सोडणाऱ्यांच्या दृष्टीने महाशीर तो महाशीर. कावेरीतला काय आणि लोणावळ्याचा काय!

सोडलेले मासे रुजले आणि वाढले. नदीत महाशीर पुन्हा दिसू लागला. ज्यांनी श्रम केले त्यांना समाधान वाटले. परंतु नदीत काय चालले होते ते पुष्कळ वर्षांनी कळले.

कावेरीच्या काठी जंगलात गळ टाकणाऱ्या हौशी लोकांची शिबिरे होती. तेथे नियम असा की मासा पकडायचा, वजन करायचे, नोंद करायची आणि जिवंत परत पाण्यात सोडायचा. एका शिबिरात १९९८ ते २०१२ या पंधरा वर्षांच्या नोंदी व्यवस्थित ठेवलेल्या होत्या. सहा हजारांहून अधिक माशांच्या त्या नोंदी. शास्त्रज्ञांनी त्या वह्या मागवल्या, मांडणी केली आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळसर परांचा महाशीर, म्हणजे बाहेरून आणून सोडलेला, वर्षागणिक वाढत गेला होता. नारिंगी परांचा, वशिंडाचा, कावेरीचा स्वतःचा महाशीर घटत गेला होता. आणखी एक गोष्ट दिसली, ती अधिक काळजीची. वशिंडाचे जे थोडे मासे सापडत ते बहुधा मोठे, वयस्क असत. त्यांची लहान पिल्ले जवळजवळ दिसेनाशी झाली होती. घरात आजोबा आहेत, पण पाळणा हलत नाही. अशा घराचे पुढे काय होते ते मी सांगायला नको.

येथे एक खुलासा करतो. वशिंडाचा महाशीर केवळ खडशीमुळे कमी झाला असे कोणी म्हणत नाही. धरणे, वाळूउपसा, सुरुंग, विष, घटलेले पाणी ही सर्व कारणे आहेतच. परंतु मूळचा मासा अगोदरच अडचणीत होता आणि नेमक्या त्याच वेळी आपण त्याच्या घरात दुसरा भाडेकरू आणून ठेवला. तोच खाऊ खाणारा, त्याच डोहात राहणारा, त्याच गोट्यांवर अंडी घालणारा. नदीत महाशीर पुष्कळ दिसतो म्हणून सर्वांना वाटले, सारे ठीक आहे. मूळ रहिवासी निघून चालला होता आणि गर्दीमुळे ते कोणाच्या लक्षात आले नाही.

हे ऐकून तुम्ही विचाराल, दोन निरनिराळे मासे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हते काय? काठावरच्या लोकांना ठाऊक होते. गळ टाकणाऱ्यांनाही ठाऊक होते. परंतु शास्त्राच्या दप्तरी या माशाला पक्के नाव नव्हते. १२० पौंडांचा मासा, ज्याची छायाचित्रे जगभर छापून आली, त्याला स्वतःचे नाव नाही! आणि ज्याला नाव नाही त्याची धोक्यातल्या जातींच्या यादीत नोंद होत नाही, त्याच्यासाठी कायदा होत नाही, त्याच्या नावाने पैसा मंजूर होत नाही. जन्माचा दाखला नसलेल्या मुलाला शाळेत घालताना किती खेटे घालावे लागतात ते येथल्या पालकांना आणि कारकून साहेबांना चांगले माहीत आहे. तशीच अवस्था.

नाव मिळाले ते असे. केरळात, अमरावतीला मिळणाऱ्या पांबार या छोट्या नदीत, संशोधकांना महाशीरची काही लहान पिल्ले मिळाली होती. २००७ मध्ये त्यांनी त्यांचे वर्णन नवी जात म्हणून केले आणि रेमादेवी या भारतीय मत्स्यशास्त्रज्ञ बाईंच्या सन्मानार्थ तिला 'टॉर रेमादेवी' असे नाव दिले. मुलींनो, हे मुद्दाम तुमच्यासाठी सांगितले. ती पिल्ले म्हणजेच कावेरीतल्या त्या प्रचंड माशाची बाळे, हे मात्र तेव्हा लक्षात आले नव्हते. मग शास्त्रज्ञांनी मोयार नदीतून वशिंडाचे मासे मिळवले, त्यांचे खवले, हाडे, रंग आणि आनुवंशिक गुण तपासले, आणि २०१८ मध्ये जाहीर केले की दोन्ही एकच. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाने या माशाची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून केली. याच्यापुढची पायरी म्हणजे नैसर्गिक अवस्थेतून नाहीसा होणे. मोठ्या सन्मानाने नाव मिळाले आणि त्याच वर्षी मरणपंथाला लागल्याचा दाखलाही मिळाला.

आणखी एक पेच या गोष्टीत आहे, तो मोठ्या मुलांनी विचार करण्याजोगा आहे. ती गळाची शिबिरे अभयारण्याच्या हद्दीत होती. वन्य जीव संरक्षण कायद्याप्रमाणे अभयारण्यात प्राण्याला असा त्रास देता येत नाही, म्हणून २०१२ च्या सुमारास ती बंद झाली. कायद्याच्या दृष्टीने ते योग्यच. परंतु पूर्वी सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांपैकी काही स्थानिक लोकांना त्याच शिबिरांत पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. शिबिरे गेली, नोकऱ्या गेल्या, पहारा ढिला पडला, आणि वर्षानुवर्षे भरत आलेल्या नोंदवह्याही बंद झाल्या. नदीचे रक्षण करायचे तर नदीकाठच्या माणसाच्या पोटाचाही विचार करावा लागतो. त्याला बाजूला ठेवून केलेली कोणतीही योजना फार दिवस टिकत नाही.

या हकिकतीतून मी कोणाला दोषी ठरवत नाही. लोणावळ्याच्या केंद्राने जे शास्त्र विकसित केले त्याचीच मदत उद्या वशिंडाचा महाशीर वाचवताना होऊ शकेल. ते ज्ञान वाया जाणारे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की मदत करणाऱ्याचे मन चांगले असले म्हणजे काम पुरे होत नाही. ज्याला मदत करायची तो कोण, त्याचे नाव काय, त्याला कशाची अडचण आहे, हे आधी विचारावे लागते. हा नियम माशाला लागू आहे, तसा शाळेतल्या मागे पडलेल्या मुलालाही लागू आहे. एखादा मुलगा गणितात नापास होतो तेव्हा आपण त्याला लगेच शिकवणी लावतो. त्याला फळ्यावरचे दिसत नाही, चष्म्याची गरज आहे, हे कोणी विचारलेच नाही तर शिकवणीचा काय उपयोग?

आता आपल्या घराकडे वळू. कावेरी दूर आहे, परंतु सावित्री, काळ, वाशिष्ठी, जगबुडी, शास्त्री, काजळी या नद्या आपल्या दाराशी आहेत. सह्याद्रीच्या माथ्यावरून उतरून थोडक्या अंतरात त्या समुद्राला मिळतात. पावसाळ्यात दुथडी, उन्हाळ्यात कोरड्या. मग उन्हाळ्यात मासा जातो कोठे? तो डोहात, कोंडीत राहतो. चैत्र-वैशाखात सगळ्या वहाळाचे बियाणे दोन-चार डोहांत गोळा झालेले असते. नेमके त्याच वेळी कोणीतरी फवारणीचे औषध किंवा ब्लीचिंग पावडर त्या डोहात ओततो, किंवा विजेची तार सोडतो. त्याला त्या दिवशी दोन पाट्या मासे मिळतात. पण पुढच्या पावसात त्या वहाळाला वर चढायला मासाच उरत नाही. त्याच डोहाचे पाणी खाली बायका भरतात आणि गुरे पितात, ते वेगळेच. वर्षाची बेगमी ठेवलेली कणगी एका दिवसात जाळून शेक घ्यावा, असा हा प्रकार आहे.

दुसरी गोष्ट वळगणीची. मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की मासे वहाळातून, शेताच्या बांधावरून वर चढतात. कोणी त्यांना वळगणीचे म्हणतात, कोणी चढणीचे. त्या रात्री कंदील घेऊन पाग टाकायला जाण्याची मौज आपल्या वाडवडिलांनी अनुभवली आहे, तुम्हीही अनुभवली असेल. परंतु हे मासे अंड्यांनी भरलेले असतात, अंडी घालण्यासाठीच ते चढतात. पूर्वी पाग थोडे होते, वहाळ आडवून टाकणारी जाळी नव्हती, म्हणून निभावले. आज एकेका वहाळावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक जाळे लागते. मी म्हणत नाही की कोणी मासा खाऊ नये. एवढेच म्हणतो की वहाळ पुरता आडवू नका, अर्धी वाट मोकळी ठेवा आणि पहिले काही दिवस चढणीला हात लावू नका. समुद्रातली मासेमारी पावसाळ्यात बंद असते, ती कशासाठी हे आपण जाणतोच. मग वहाळातल्या माशाने काय गुन्हा केला आहे?

तिसरी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. घरी काचेच्या पेटीत रंगीत मासे पाळण्याचा छंद चांगला आहे. पण कंटाळा आला, पेटी फुटली किंवा मासा फार मोठा झाला म्हणजे दया येऊन तो विहिरीत, तळ्यात नेऊन सोडू नका. ती दया नव्हे. त्या पेटीतले बरेच मासे परदेशचे असतात. कावेरीत तर शेजारच्याच खोऱ्यातला आणि जवळच्याच नात्याचा मासा सोडला होता, तरी एवढा घोटाळा झाला. मग हजारो मैलांवरच्या नदीतला मासा आपल्या वहाळात काय करील? तिलापिया आणि ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात तो आफ्रिकेचा मासा, यांनी देशातल्या अनेक तळ्या-नद्यांतल्या देशी माशांना कसे हुसकावले ते कोणत्याही जुन्या कोळ्याला विचारा. आपल्याला नको असलेला मासा ज्या दुकानातून आणला तेथे परत द्या किंवा दुसऱ्या छंदिष्टाला द्या.

मासा सुरक्षित ठेवण्याची रीत आपल्या लोकांना नवीन नाही. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथल्या देवस्थानाच्या श्रद्धेमुळे त्या डोहातला मासा कोणी मारत नाही आणि मोठमोठे महाशीर तेथे निर्भय फिरतात. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे येथेही तसेच आहे. सरकारी हुकूम नसताना, पहारेकरी नसताना, आसपासच्या खेड्यांतील लोकांनी हे डोह पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. आणखी एक उदाहरण आंबोलीचे. हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, संशोधकांना एक बोटभर मासा सापडला. २०२० मध्ये तो नवी जात म्हणून जाहीर झाला आणि त्याला नदीचेच नाव मिळाले. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ती सुमारे दोन हेक्टरांची जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित केली. पाहा, नाव मिळाल्याबरोबर संरक्षण मिळाले! शेकडो वर्षे लोक त्या कुंडावर येत-जात होते, मासा तेथेच होता. विचारणारा कोणी भेटला तेव्हा तो जगाला दिसला.

विचारण्यावरून एका थोर माणसाची आठवण होते. मुंबईच्या खेतवाडीत वाढलेल्या एका पोरक्या मुलाने छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, असा प्रश्न त्याला पडला. घरात कोणाला सांगता येईना, तेव्हा तो बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या कचेरीत ती घेऊन गेला आणि भीत भीत विचारता झाला. तेथल्या साहेबांनी त्याला हाकलून न देता कपाटे उघडून पक्षी दाखवले. तो मुलगा म्हणजे डॉ. सालिम अली. पुढे केरळातल्या सायलेंट व्हॅलीत कुंतीपुळा नदीवर धरण बांधून ते जंगल बुडवण्याचा बेत झाला, तेव्हा त्याविरुद्ध ज्यांच्या शब्दाला वजन होते त्यांत सालिम अली होते. तो बेत रद्द झाला, १९८४ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले आणि ती नदी आजही मोकळी वाहते. एका मुलाच्या साध्या प्रश्नातून केवढे काम उभे राहिले! आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणारा कोणी भेटला नसता तर? म्हणून पालकांना माझी विनंती आहे. मूल 'हे काय आहे?' असे विचारते तेव्हा 'अभ्यास कर' असे म्हणून त्याला गप्प करू नका. ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर ज्याला ठाऊक असेल त्याच्याकडे न्या.

आता प्रत्यक्ष करता येण्याजोगे एक काम सुचवतो आणि माझे बोलणे संपवतो.

या शाळेत आठवीपासून पुढची जी मुले-मुली आहेत त्यांनी आपापल्या गावच्या वहाळाची एक वही सुरू करावी. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जावे. तुमच्या लहानपणी या वहाळात कोणकोणते मासे होते, त्यांना काय म्हणत, ते कोणत्या महिन्यात दिसत, कोणत्या डोहात असत, आणि कोणता मासा कधीपासून दिसेनासा झाला, हे विचारून लिहून घ्यावे. आजी-आजोबांना ज्या भाषेत नाव ठाऊक असेल त्याच भाषेत लिहावे, शुद्ध करू नये. साइक्स साहेबांनी तेच केले होते. मग वर्षातून चार वेळा, पावसापूर्वी, पावसात, थंडीत आणि उन्हाळ्यात, त्याच जागी जाऊन काय दिसते त्याची नोंद करावी. पाणी किती, रंग कसा, वास येतो काय, मासे कोणते. मासा मारण्याची गरज नाही. एक छायाचित्र पुरे, आणि आज तर घरोघरी फोन आहे. मात्र मोठ्या माणसाला बरोबर घेतल्याशिवाय आणि पूर असताना पाण्याकडे जाऊ नये, ही सक्त ताकीद समजावी.

ही वही वर्गाच्या कपाटात धूळ खात पडू देऊ नये. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि लोक जैवविविधता नोंदवही असावी, असे २००२ च्या कायद्याने ठरवले आहे. आपली माहिती त्या नोंदवहीत जाईल असे पाहावे. कावेरीच्या शिबिरातल्या त्या वह्या कोणा शास्त्रज्ञाने लिहिल्या नव्हत्या. हौशी माणसांनी रोजचे वजन आणि रंग प्रामाणिकपणे लिहून ठेवले, म्हणून पंधरा वर्षांनी खरी गोष्ट बाहेर आली. प्रामाणिक नोंदीची किंमत लिहिणाऱ्याला त्या दिवशी कळत नाही, पुढे कोणालातरी कळते.

ज्यांना या विषयात पुढे शिकावयाचे असेल त्यांच्यासाठी वाटा आहेत आणि त्या जवळच आहेत. रत्नागिरीला शिरगाव येथे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबईला वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. डॉक्टर, इंजिनियर व्हा, जरूर व्हा, परदेशी नोकरीला जा. परंतु घरातल्या चार मुलांपैकी एकाने जर नदी, मासा, शेती यांचे शास्त्र शिकायचे म्हटले तर पालकांनी तोंड वाकडे करू नये.

कावेरीत वशिंडाचा महाशीर अजून आहे. थोडा आहे, पण आहे. मोयार नदीत तो आहे, आणखी एखाद-दोन ठिकाणी असेल. आता त्याला नाव आहे आणि त्याच्या नावाने काम करणारी माणसे आहेत. परक्या माशांची पिल्ले त्याच्या नदीत सोडणे थांबले, त्याचे उरलेले डोह राखले गेले आणि नदीकाठच्या माणसांना त्या कामात भाकरी मिळाली, तर तुमच्या मुलांनाही तो पाहता येईल. आपल्या वहाळातल्या माशांना तर अजून कोणी नावही विचारलेले नाही. ते काम या सभागृहात बसलेल्या मुला-मुलींचे आहे. येत्या मृगाच्या आधी त्यांनी ते सुरू करावे.